केसभर खोल म्हातारपण

सुतारकाकांनी सज्ज्याची एक फळी उचकटली, अंगणातल्या लाकडी घोड्यावर ठेवली आणि तिच्यावरून रंध्याचा एकच हात फिरवला. फळी राखाडी होती. पावसात विसरलेल्या वर्तमानपत्रासारखी, कडांना तंतू सुटलेली. रंध्याच्या तोंडातून कागदासारखी पातळ ढलपी सुटत गेली आणि खालून निघालं मधाच्या रंगाचं सागवान. तेलकट, ताजं, आणि कातड्यासारख्या त्या खास सागवानी वासाचं. माझ्या आजेसासऱ्यांनी 1950च्या दशकात बसवलेली फळी ती. जणू काल वखारीतून आणलेली.

"वहिनी, हिला काय झालंय?" काका म्हणाले. "हिचं तोंड धुतलं नव्हतं, एवढंच."

आमचं सासरचं घर राजापूर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, कौलं, माडी आणि माडीपुढे अंगणाच्या बाजूला आलेला लाकडी सज्जा. शहरात ज्याला हल्ली डेक म्हणतात, तोच. ऐनाच्या तुळयांवर सागवानी फळ्या ठोकलेल्या. गेल्या काही वर्षांत तिथे पाय टाकायला आम्ही घाबरत होतो. दोन जणांनी येऊन पाहिलं आणि दोघांनीही सगळं काढून प्लास्टिकमिश्रित फळ्या बसवायला सांगितल्या. त्यांचे आकडे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग सज्ज्यालाच कुलूप लावा." काकांना बोलावलं ते हा शेवटचा उपाय म्हणून. आणि त्या एका ढलपीने माझ्या डोक्यात प्रश्न सोडला: साठ-सत्तर वर्षांचं हे म्हातारपण लाकडात नेमकं किती खोल गेलेलं असतं?

उत्तर आहे, माणसाच्या केसाच्या जाडीएवढं.

लाकूड मुख्यतः तीन पदार्थांचं बनतं. सेल्युलोजचे लांब धागे, त्यांना जोडणारं हेमिसेल्युलोज, आणि या सगळ्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. सेल्युलोज म्हणजे सळया, तर लिग्निन म्हणजे काँक्रीट, असं समजायला हरकत नाही. उन्हातले अतिनील किरण लिग्निन पटकन शोषतं आणि त्यातच तुटतं. जुनं वर्तमानपत्र पिवळं पडतं तेही याच लिग्निनमुळे. तुटलेलं लिग्निन पाऊस धुऊन नेतो, मागे फिकट धागे उरतात, त्यांच्यावर सूक्ष्म बुरशीचे काळे ठिपके बसतात, आणि दुरून पाहणाऱ्याला तो सगळा राखाडी रंग दिसतो. पण अतिनील किरण लाकडात 1 मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही खोल शिरू शकत नाहीत. वरचा थर स्वतः झिजून खालच्याला सावली देतो. उघड्यावर उभ्या लावलेल्या सूचिपर्णी लाकडाची जी मोजमापं झाली आहेत, त्यांत 100 वर्षांत साधारण 6 मिलिमीटर झीज दिसते. सागासारखं घट्ट लाकूड त्याहून हळू झिजतं. आमची फळी सव्वा इंच जाड होती.

याच्यापुढची गोष्ट समजली तेव्हा मी अंगणात हातातलं काम सोडून त्या फळीकडे बघत बसले. उभ्या, जिवंत सागाच्या बुंध्यात मधला गडद गाभा असतो ना, तो झाड जिवंत असतानाच मेलेला असतो. पाणी वर चढतं ते बाहेरच्या फिकट लाकडातून. आतल्या पेशी मरताना आपल्या भिंतींत आणि पोकळ्यांत राळ, तेलकट द्रव्यं, टेक्टोक्विनोनसारखी कीडविरोधी रसायनं भरून ठेवतात, आणि मग झाड त्या मेलेल्या खांबाभोवती वर्षानुवर्षं वाढत राहतं. म्हणजे माझ्या हातातली फळी आजेसासऱ्यांनी विकत घेण्यापूर्वीच, वर पानं हलत असताना, मरून गेलेली होती. तिला वय विचारण्यात अर्थच नव्हता. तिच्याबाबतीत विचारायचा प्रश्न एकच होता: पाणी कुठे साठतं?

कोरडं ठेवलं तर लाकूड किती टिकतं, याचा पुरावा पाहायला लांब जावं लागत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून बघा. दगडी छताला लाकडी कमानी लावलेल्या आहेत. छत अखंड डोंगरातलं, त्याला आधाराची काहीच गरज नाही. पूर्वीच्या लाकडी इमारतींची आठवण म्हणून कारागिरांनी त्या बसवल्या असाव्यात. सुमारे 2000 वर्षं झाली, त्या आहेत. बाहेर सह्याद्रीचा पाऊस कोसळतो, पण गुहेत तो पोचत नाही. स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा अजून आहे.

आणि उलट टोकाचं उदाहरण, जे पाण्यात राहूनही टिकलं, तेही आपलंच. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला तरंगते आहे, आणि तरंगत असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका तीच मानली जाते. डेक हा शब्द मुळात जहाजांचाच. त्या काळची डेक बांधायची रीत बघितली की घरच्या सज्ज्याची अर्धी विद्या तिथेच सापडते. डेक कधी सपाट नसे. मध्यभागी किंचित फुगीर ठेवत, म्हणजे पाणी दोन्ही कडांना पळे. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचे तंतू ठोकून वर डांबर ओतत. आणि धुवायला वापरत समुद्राचं पाणी. खारं पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मानवत नाही. कुजण्याचा खरा धोका असतो तो पावसाच्या गोड्या पाण्याचा.

तर, कुजणं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. ओलं होताना पाणी आधी नळ्यांच्या भिंतींत मुरतं, आणि भिंती पोटभर प्यायल्या की मगच पोकळ्यांत साठायला लागतं. भिंती भरण्याची ती मर्यादा लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण 28 ते 30 टक्के. त्याच्या बरंच खाली, म्हणजे 20 टक्क्यांच्या आत ओल राहिली, तर कुजवणारी बुरशी हातपाय पसरू शकत नाही. तिचे बीजकण सगळीकडे असतात, हवेतही आणि आपल्या कपड्यांवरही. त्यांना फक्त ओल हवी. कोकणातल्या श्रावणातली हवासुद्धा एकटी लाकडाला 20 टक्क्यांच्या फार पलीकडे नेत नाही. नेतं ते साचलेलं पाणी.

काकांनी ते शोधायला कुठलंही यंत्र वापरलं नाही. त्यांच्याकडे गोणी शिवायचं दाभण होतं. एकेका फळीत ते टोचत गेले. धड लाकडात दाभण जरासं रुततं आणि अडतं, कुजक्या लाकडात लोण्यात जावं तसं जातं. चौतीस फळ्यांत पाच नापास झाल्या, आणि त्या पाच कुठल्या होत्या हे पाहिलं की जणू पाण्याचा नकाशाच समोर येत होता. दोन, जिथे तुळशीच्या जोडीला ठेवलेल्या कुंड्या वर्षानुवर्षं एकाच जागी बसल्या होत्या. एक, जिथे पायपुसणं असे. आणि दोन टोकाच्या, जिथे फुटक्या कौलातून पागोळी नेमकी फळीच्या कापलेल्या तोंडावर पडत होती.

फळीचं कापलेलं तोंड हा तिचा सर्वांत दुबळा भाग. नळ्यांची उघडी तोंडं तिथे असतात. फळीच्या पाठीवरून पाणी जेवढं आत शिरतं, त्याच्या कितीतरी पट वेगाने तोंडाकडून शिरतं. म्हणूनच अशी फळी मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा, अशी दिसते. पाचांपैकी चार फळ्यांची जेमतेम फूट-दीड फूट टोकं गेली होती. काकांनी ती कापली, उरलेल्या फळ्या दाराच्या दोन्ही बाजूंना जिथे लांबी कमी लागते तिथे वळवल्या, आणि नव्या म्हणून फक्त तीन फळ्या आणायला सांगितल्या. त्याही नव्या नव्हेत. जुन्या घरांचं लाकूड विकणाऱ्या वखारीतून, कुणाच्या तरी दाराच्या. स्वस्त तर पडल्याच, शिवाय मुरलेल्या होत्या, वाकण्याची भीती नव्हती. निवडताना काका फळीची कड बघत आणि पांढरट पट्टा दिसला की बाजूला ठेवत. तो पट्टा म्हणजे झाडाचा बाहेरचा, एके काळी जिवंत असलेला भाग. त्यात ती कीडविरोधी द्रव्यं भरलेली नसतात. साग साग म्हणून आपण डोळे मिटून पैसे मोजतो, पण त्या पांढऱ्या पट्ट्याची टिकण्याची ताकद आंब्याच्या खोक्यापेक्षा फार वेगळी नाही.

वाळवी सुरू होते ती तिथूनच. आमच्या एका खांबाच्या मागून मातीची बोटभर रुंद नळी वर चढली होती. वाळवीचं अंग नाजूक असतं. उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून जाईल तिथे ती आपला ओला बोगदा बरोबर नेते. नळी मोडली, जमिनीकडचा ओलावा तोडला, तर वरचा हल्ला तिथेच थांबतो. पण मला थक्क केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आपल्याकडची वारुळं बांधणारी वाळवी लाकूड स्वतः धड पचवूच शकत नाही. ती ते चावून वारुळात नेते आणि त्याच्या गोळ्यांवर एका विशिष्ट बुरशीची शेती करते. मग ती बुरशी खाते. पहिल्या पावसानंतर तीच बुरशी वारुळातून वर छत्र्या काढते, आणि आपण त्या अळंबी म्हणून मुंबई-गोवा रस्त्यावर पानात गुंडाळलेल्या विकत घेतो. आमच्या खांबाची माती झाली, तिचा काही अंश आमच्याच ताटात आला असेल, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी त्या नळीकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं.

आतून कुरतडलेल्या त्या खांबाच्या पायथ्याला आणि तुळयांच्या भिंतीत जाणाऱ्या टोकांना काकांनी गरम पाण्यात विरघळवलेला टाकणखार आणि बोरिक ॲसिड दोन दिवस पाजलं. हे क्षार पाण्याबरोबर लाकडात खोल झिरपतात, बुरशी आणि वाळवी दोघांनाही मारतात. मात्र ज्या पाण्याने आत गेले त्याच पाण्याने बाहेरही येतात, म्हणून पावसात भिजणाऱ्या जागी वरून तेलाचा किंवा रंगाचा पहारा लागतोच.

जुने खिळे काढले तेव्हा प्रत्येक भोकाभोवती निळसर काळा डाग होता. मला वाटलं कूज. काका हसले आणि म्हणाले, शाई आहे. अगदी शब्दशः खरं आहे ते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोखंड. इथे टॅनिन लाकडाचं, लोखंड खिळ्याचं, आणि पाणी पावसाचं. सत्तर पावसाळे तो सज्जा आपल्या पाठीवर शाई बनवत बसला होता. हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक ॲसिडची पूड मिळते, तिचं पातळ द्रावण लावलं की लोखंड विरघळून निघून येतं आणि डाग डोळ्यांदेखत फिका पडतो. ही पूड विषारी आहे. हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि नंतर भरपूर पाण्याने धुणं, यात कसूर नको. लहान मुलं आसपास असतील तर त्या दिवशी ते काम करूच नये.

घासण्याचं काम आम्ही घरच्यांनी केलं. रंधा फक्त खडबडीत फळ्यांवर, बाकीच्यांना आधी जाड आणि मग मध्यम पॉलिशपेपर, धाग्यांच्या दिशेने. जोरदार फवाऱ्याचं यंत्र भाड्याने आणायचा सल्ला एका पाहुण्यांनी दिला होता. बरं झालं ऐकला नाही. तो फवारा मऊ भाग खरवडून काढतो, धागे उभे करतो आणि पाणी खोल घुसवतो.

आता तेल. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण कोकणातल्या घरात तेल म्हणजे खोबरेल, आणि खोबरेल का चालत नाही हे मला समजून घ्यायचं होतं. पाणी सुकतं तसं तेल उडून सुकत नाही. जवसाचं तेल फळीवर सुकतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन आत घेतं. त्याच्या रेणूंत दुहेरी बंधांची जी मोकळी ठिकाणं असतात, तिथे ऑक्सिजन शिरून एक रेणू दुसऱ्याला बांधला जातो, दुसरा तिसऱ्याला, आणि द्रवाचं जाळं होतं. सुकताना तेलाचं वजन कमी होण्याऐवजी वाढतं! खोबरेलात अशी मोकळी ठिकाणं जवळजवळ नसतात. त्यामुळे ते वर्षभर चिकटच राहणार, धूळ धरणार आणि खवट होणार. विदर्भातल्या रानातलं जवस कोकणातल्या सज्ज्याच्या कामाला येतं, ते त्या दुहेरी बंधांमुळे.

हे जाळं बांधलं जाताना उष्णता निघते. फळीवर ती हवेत विरून जाते, पण तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आतच कोंडते, तिने क्रिया आणखी वेगाने होते, आणि काही तासांत तो बोळा काडी न लावता पेटू शकतो. आमच्या चिंध्या त्या दिवशी दोरीवर एकेक करून वाळत घातलेल्या होत्या, पापडासारख्या पसरून. सुकल्यावर पाण्यात भिजवूनच टाकल्या.

दुकानदाराने आम्हाला काचेसारखं चमकणारं जाड पॉलिश घ्यायला फार आग्रह केला. ते का नको, याचं कारण मला या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं. वरचा कडक थर तेवढा ताणला जात नाही, त्याला केसाएवढी चीर पडते. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि मग त्याच थराखाली अडकतं. ज्याने पाणी बाहेर ठेवायचं तोच ते आत कोंडून ठेवतो. तेल लाकडात मुरतं, त्याच्याबरोबर हलतं, आणि शिरलेल्या ओलीला परत जाऊ देतं. त्याची किंमत म्हणजे दरवर्षी दिवाळीनंतर एक हात पुन्हा मारणं. तोही पातळ, चोळून, वर उरलेलं पुसून घेऊन. दमट हवेत जवसाचं तेल जाड थापलं तर त्यावरच बुरशी चरायला येते.

भिंतीत जाणाऱ्या तुळयांच्या टोकांना मात्र काकांनी वेगळंच काही लावलं. काजूच्या टरफलांचं काळं, दाट तेल. होड्यांना आणि जाळ्यांना हे लावायची किनाऱ्यावर जुनी रीत आहे. आधी स्वतःच्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळलं, कारण हे तेल कातडीवर फोड आणतं. काजू, बिब्बा, आंबा ही एकाच कुळातली झाडं, आणि ज्याच्या चिकापासून जपानी लोक आपली प्रसिद्ध लॅकरची भांडी बनवतात ते झाडही त्याच कुळातलं. कैरीचा चीक ओठाला लागून फोड येतो, तो याच नात्यातला. खोबरेल अखेर या कामात आलंच, फळीवर नाही तर काकांच्या हातांवर.

पैसे कुठे गेले? सर्वांत जास्त काकांच्या आणि त्यांच्या मुलाच्या सहा दिवसांच्या मजुरीत, आणि ते योग्यच. त्याखालोखाल स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंत. तिथे काटकसर करू नका, नाहीतर पुन्हा शाईचा कारखाना सुरू होतो. तेल, टर्पेंटाइन, पॉलिशपेपर आणि टाकणखार हे सगळं मिळून स्क्रूंपेक्षा कमी. कुंड्या आता लोखंडी तिवईवर आहेत, पायपुसणं दाराच्या आत गेलं आहे, आणि ते फुटकं कौल बदललं. या तीन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च आला नाही, आणि माझ्या मते सज्जा वाचला तो यांनीच.

फळ्या परत बसवताना काकांनी दोन फळ्यांमध्ये सूतभर फट ठेवली. पूर्वी त्या अगदी चिकटून होत्या, पाणी फटीत अडकून राही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिलिमीटर. जहाजाला खालची माणसं कोरडी ठेवायची असतात म्हणून फटी बुजवायच्या. आमच्या सज्ज्याखाली अंगण, तिथे पाणी गळू दे. तीनच का, असं विचारल्यावर काकांनी दोन फळ्यांची तोंडं दाखवली. एकीवर वाढीची वलयं आडवी, सपाट पसरलेली. दुसरीवर उभ्या रेघांसारखी. "ही आडवीवाली पावसात जास्त फुगणार, उभीवाली कमी," ते म्हणाले.

मी नंतर आकडे पाहिले. हिरव्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वलयांच्या दिशेने साधारण 5.8 टक्के आकसतं, आणि वलयांना छेदून, गाभ्याकडून सालीकडे, 2.5 टक्के. लांबीत जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना लाकडाची ओल सहा-सात टक्क्यांनी वाढते असं धरलं, तर आमच्या 15 सेंटिमीटर रुंद फळीचा हिशेब असा येतो: आडव्या वलयांची फळी सुमारे 2 मिलिमीटर फुगेल, उभ्या वलयांची 1 मिलिमीटरच्याही आत. झाड पडून सत्तर-ऐंशी वर्षं झाली, तरी.

मे महिन्याच्या शेवटी मी दोन ठिकाणी फटीत एक रुपयाचं एकेक नाणं उभं धरून पाहिलं. जाडी सुमारे दीड मिलिमीटर. दोन्हीकडे खुळखुळत होतं. तसंच, वर अर्धं दिसेल असं, खाली पडू नये म्हणून दोऱ्याने बांधून सोडलं. श्रावणात, झड ओसरल्यावर, चहाचा कप घेऊन अनवाणी सज्ज्यात गेले. उभ्या वलयांच्या फळ्यांमधलं नाणं दोऱ्याला धरून सहज वर आलं. आडव्या वलयांच्या फळ्यांमधलं मी ओढलं, मग काकांच्या मुलाने पकडीने ओढलं. हललं नाही. दोरा कापून ते तिथेच ठेवलं आहे.